धातूचा छापलेला जॉब मशीनवर येतो तेव्हा: डेटम, अलाउन्स आणि बाकीचं

कातारी

लेझरने पावडर वितळवून थरावर थर चढवत केलेले धातूचे भाग हल्ली फिनिशिंगसाठी सीएनसीवर सर्रास येतात. त्यावर मराठीत सविस्तर चर्चा फारशी दिसत नाही, म्हणून हा धागा. टर्निंग, मिलिंग, हीट ट्रीटमेंट, मोजमाप, डिझाइन, ज्याला ज्यातलं कळतं त्याने त्यातलं लिहावं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. छापलेल्या जॉबचं मशीनिंग बिघडतं ते बहुतेक वेळा मशीनवर नाही, छपाईची फाइल तयार होते तेव्हाच. जॉब कुठे धरायचा, झीरो कुठून घ्यायचा, कुठल्या तोंडावर किती माल सोडायचा हे छपाईआधी ठरलेलं नसेल तर पुढे पाच अक्षांचं मशीन असो की हाताखाली कितीही मुरलेला कारागीर असो, तो जॉब ओढूनताणून पूर्ण करावा लागतो.

मुळात मशीनिंग लागतंच कशाला? पावडर बेडच्या लेझर छपाईत थर साधारण ३० ते ६० मायक्रॉनचा, पावडरचा कण १५ ते ४५ मायक्रॉनचा. अशा पृष्ठभागाचा खडबडीतपणा आरए (उंचसखलपणाची सरासरी) ५ ते २० मायक्रॉनच्या पट्ट्यात येतो, खाली तोंड करून छापलेल्या बाजूला त्याहूनही वाईट. इलेक्ट्रॉन बीमच्या छपाईत पावडर जाड, थरही जाड, त्यामुळे आरए २० ते ४० पर्यंत जातो. मापात म्हणाल तर नीट बसवलेल्या प्रक्रियेत लहान भागावर दशांश मिमी इकडेतिकडे धरून चालावं. आता ३० मिमी व्यासाची बेअरिंगची बैठक एच७ (भोकाच्या मापाचा टॉलरन्स वर्ग) मध्ये हवी असेल तर सगळी मुभा २१ मायक्रॉनची. सीलचं तोंड आरए १.६ किंवा त्याहून बारीक हवं. म्हणजे बैठका, सीलची तोंडं, आटे, डॉवेलची भोकं हे सगळं कापूनच काढावं लागणार. बाकीचा जॉब छापला तसा राहिला तरी चालतो, आणि राहू द्यावाच.

आता डेटम, म्हणजे सगळी मापं जिथून घ्यायची तो आधार. बारमधून कापलेल्या जॉबला सहा सपाट बाजू असतात, निदान एक तरी असते. छापलेल्या जॉबला बहुधा एकही नसते. वजन वाचवायला सगळं वळणदार केलेलं, मधे जाळी, कडेला पातळ फासळ्या. व्हाइसमध्ये धरायला गेलं की जॉची गाठ एका फुगवट्याशी पडते. म्हणून माझा आग्रह असा, की डिझाइनमध्येच तीन पॅड टाका. एका पातळीत, एकमेकांपासून जमेल तितके लांब. शिवाय एका बाजूला दोन टेकू आणि दुसऱ्या बाजूला एक. तीन-दोन-एकचा जुनाच नियम आहे, छपाईने तो रद्द झालेला नाही. पहिल्या सेटिंगमध्ये या पॅडवर हलका हात फिरवून ते सपाट केले की पुढचं सगळं काम त्यांच्यावर बसतं.

अलाउन्सचा, म्हणजे कापण्यासाठी जास्त सोडायच्या मालाचा, हिशेबही अंदाजाने करू नये. उदाहरणादाखल: छपाईत आणि बिल्ड प्लेटवरून (ज्या पाटावर जॉब छापतात) सुटताना आलेला वाक दोन दशांश, खडबडीतपणा आणि अर्धवट चिकटलेले कण मिळून एक दशांश, सेटिंगमधली चूक एक दशांश. झाले चार दशांश. शेवटच्या फिनिश कटला धारेखाली खरा माल हवा, त्याचे दोन-तीन दशांश धरा. बेरीज ०.६ ते ०.७ मिमी, थोडी सूट धरून ०.७ ते १ मिमी सोडा. मोठ्या जॉबला वाक जास्त, तिथे माल जास्त. तार किंवा पावडर थेट नोझलमधून टाकून केलेल्या छपाईत तर थराचे मणीच मोठे, तिथे २ ते ३ मिमी सोडणं नेहमीचं.

सुरुवातीला एवढं पुरे. पुढे बोलूच.

नवा_डिझायनर

उत्तम धागा. डिझाइनच्या बाजूने दोन शंका आहेत.

१) एवढा हिशेब करण्यापेक्षा सगळीकडे सरसकट ३ मिमी माल सोडला तर काय बिघडेल? हवा तेवढा कापून टाकता येईल.

२) मॉडेल आमच्याकडे आहेच. छपाई त्यावरूनच झाली. मग झीरो मॉडेलवरून का घेता येऊ नये?

कातारी

पहिल्या शंकेचं उत्तर: सरसकट माल सोडला की लेझरला जास्त क्षेत्रफळ वितळवावं लागतं, उष्णता वाढते, जॉबमध्ये अडकलेला ताण वाढतो आणि वाकही वाढतो. ज्या चुकीची भरपाई म्हणून माल सोडला ती चूकच मोठी होते. टायटॅनियम आणि निकेलच्या मिश्रधातूत तो ३ मिमी कापायला टूलही तितकेच खर्ची पडतात. जिथे कटर फिरणार तिथेच माल सोडावा, आणि मशीनिंगची तोंडं मॉडेलमध्ये वेगळ्या रंगाने दाखवावीत. छपाई करणाऱ्याला आणि मशीनवाल्याला दोघांनाही ते एका नजरेत कळतं.

दुसरं: मॉडेल आणि हातात आलेला जॉब या दोन वेगळ्या वस्तू आहेत. प्लेटवरून सुटताना जॉबने थोडी कूस बदललेली असते. एका कोपऱ्यावरून झीरो घेतलं आणि तोच कोपरा तीन दशांश उचललेला निघाला, तर पलीकडच्या तोंडावर कटर हवेत फिरतो आणि अलीकडे दुप्पट माल खातो. म्हणून गुंतागुंतीच्या जॉबचं आधी थ्रीडी स्कॅन करून घ्यायचं, स्कॅन आणि मॉडेल एकमेकांवर बसवायचं आणि सगळ्या मशीनिंग तोंडांवर माल पुरतोय अशी जागा शोधायची. त्या जागेप्रमाणे झीरो सरकवायचं. ओतीव कामात रेखाटणी करणारे मार्किंग टेबलवर हेच करत आले, सगळीकडे माल आहे ना ते बघून मग मध्यरेषा मारायचे. स्कॅन नसेल तर मशीनच्या प्रोबने आठ-दहा जागी टेकून तोच हिशेब करता येतो, फक्त वेळ लागतो.

भट्टीवाला

कातारींनी ताणाचा उल्लेख केला. सगळ्यात जास्त जॉब तिथेच जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लेझरखाली धातूचा ठिपका क्षणात वितळतो आणि क्षणात गोठतो. वरचा थर आकसायला जातो, खालचा आकसू देत नाही. असे हजारो थर. जॉब बिल्ड प्लेटला वेल्ड झालेला असतो तोवर प्लेट त्याला धरून ठेवते. प्लेटसकट स्ट्रेस रिलीव्ह (भट्टीत तापवून ताण काढणं) न करता वायरकटवर (तारेतून ठिणग्या पाडून कापणारं मशीन) लावला तर तार पुढे सरकते तशी सुटलेली कड वर उचलताना डोळ्यांना दिसते. कधीकधी तर फट मिटून तार अडकते. त्यामुळे क्रम ठरलेला: आधी पावडर पूर्ण झटकायची, मग प्लेटसकट भट्टी, मग वायरकट किंवा बँडसॉ. पावडर आधी का, तर पोकळीत राहिलेली पावडर भट्टीत सिंटर होऊन तिथेच धरते. नंतर ती निघणं जवळजवळ अशक्य.

तापमान धातूगणिक बदलतं. टायटॅनियम सिक्स-फोरला (६% ॲल्युमिनियम, ४% व्हॅनेडियम असलेला मिश्रधातू) साधारण ६५० ते ८०० अंश सेल्सिअस, तेही व्हॅक्यूममध्ये किंवा शुद्ध आर्गॉनमध्ये. हवेत तापवलं तर ऑक्सिजन शोषून वरचा थर कडक आणि ठिसूळ होतो, त्याला अल्फा केस म्हणतात. तो इन्सर्टची धार बघता बघता खातो आणि जॉबवर राहिला तर तिथूनच तडे सुरू होतात. इनकोनेल ७१८ या निकेलच्या मिश्रधातूला स्ट्रेस रिलीव्ह १०६५ अंशांच्या आसपास. ॲल्युमिनियम-सिलिकॉनला ३०० अंशांच्या आसपास. तो मात्र भट्टीनंतर बराच मऊ पडतो आणि मऊ झालेला माल धारेला चिकटतो, हे मशीनवाल्याने लक्षात ठेवावं.

आता मशीनिंग भट्टीच्या आधी की नंतर? मरेजिंग स्टील छापल्यावर साधारण ३५ एचआरसी (कडकपणाचं माप) असतं. ४९० अंशांवर सहा तास एजिंग (तापवून कडक करणं) केलं की ५० च्या वर जातं. रफिंग आणि आटे एजिंगच्या आधी उरकावेत, पण एजिंगमध्ये जॉब किंचित आकसतो, म्हणून नेमकी मापं नंतरच, ग्राइंडिंगने किंवा हार्ड मिलिंगने. १७-४ पीएच स्टीललाही हाच न्याय. इनकोनेल ७१८ चं एजिंग ७२० आणि ६२० अंशांच्या दोन टप्प्यांत होतं. बरेच जण रफिंग एजिंगच्या आधी आणि फिनिशिंग नंतर करतात, ते योग्यच आहे.

आणखी एक मुद्दा अलाउन्सशी जोडलेला आहे आणि तो फार कमी लोक बघतात. छपाईत लेझर आधी कडेची रेघ मारतो आणि आतला भाग वेगळ्या रेघांनी भरतो, किंवा उलट क्रमाने. या दोहोंच्या सांध्यावर बारीक छिद्रं राहण्याची शक्यता जास्त असते, पृष्ठभागाखाली साधारण एक-दोन दशांश मिमीवर. कुणी काटकसर म्हणून दोन दशांशच माल सोडला तर फिनिश झालेलं तोंड नेमकं त्या छिद्रांच्या पट्ट्यात येऊन थांबतं. लुपमधून बघा, चकचकीत तोंडावर कडेला समांतर काळ्या ठिपक्यांची रांग दिसेल. सीलच्या तोंडावर ती दिसली तर जॉब गळणार. माल थोडा जास्त सोडून त्या पट्ट्याच्या खाली उतरलं की आतला घट्ट धातू लागतो. त्यामुळे कातारींच्या ०.७ ते १ मिमीला माझा पाठिंबा, आणि तो या कारणासाठीही.

नवा_डिझायनर

@भट्टीवाला, ही छिद्रं गरम आयसोस्टॅटिक दाबाने, म्हणजे हिप करून, मिटत नाहीत का?

भट्टीवाला

आतली मिटतात. टायटॅनियम सिक्स-फोरला ८९५ ते ९५५ अंश आणि किमान १०० मेगापास्कल दाब, दोन ते चार तास, अशी पद्धत आहे. पण जे छिद्र पृष्ठभागापर्यंत उघडं आहे ते हिपने मिटत नाही, कारण दाबाचा वायू त्याच छिद्रात शिरतो. बाहेर आणि आत दाब सारखाच झाला तर मिटणार कसं? म्हणून हिप आधी आणि फिनिश मशीनिंग नंतर. उलट क्रम केला तर मशीनिंगने उघडी पडलेली छिद्रं कायमची राहतात. शिवाय हिपच्या तापमानाला जॉब स्वतःच्या वजनानेही थोडा बसू शकतो, म्हणून नेमकी मापं त्याआधी काढण्यात अर्थ नाही.

गेजरूम

माझं काम मोजण्याचं, त्यामुळे तेवढंच लिहिते.

छापलेल्या तोंडावर प्रोब टेकवून डेटम घेऊ नका. खडबडीत तोंडावर उंचवटा आणि खळगा यांत ५० मायक्रॉनहून जास्त फरक सहज असतो. प्रोबचा बॉल एकदा उंचवट्यावर टेकतो, एकदा दोन उंचवट्यांच्या मधे. तेच तोंड पुन्हा मोजलं की आकडा वेगळा. नाइलाजच असेल तर मोठा बॉल वापरा, तो खळग्यात उतरत नाही आणि आकडे स्थिर येतात. मात्र ते आकडे उंचवट्यांच्या माथ्याचे असतात, हे लक्षात ठेवूनच पुढचा हिशेब करा. बिंदूही भरपूर घ्या. तीन बिंदूंचं प्रतल अशा तोंडावर काहीच सांगत नाही.

दुसरी गोष्ट तापमान. मापं २० अंशांना धरलेली असतात. ॲल्युमिनियमचा २०० मिमी लांबीचा जॉब मशीनवरून ५ अंश गरम उतरला तर तो २३ मायक्रॉन लांब असतो. स्टीलचा असता तर त्याच्या निम्मा, टायटॅनियमचा त्याहूनही कमी. गरम जॉब मोजून ऑफसेट बदलणं म्हणजे पुढचा जॉब हाताने बिघडवणं. जॉब आणि गेज एकाच खोलीत मुरू द्या.

तिसरी गोष्ट मशीनवरच करायची आहे आणि तिला डायल (बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं गेज) सोडून काही लागत नाही. जॉब क्लॅम्प केलेला असताना फिनिश होणाऱ्या तोंडावर डायलचं टोक टेकवा आणि काटा शून्यावर आणा. आता क्लॅम्प हळूहळू सैल करा. काटा जागचा हलला नाही तर जॉब मोकळा बसला होता. काटा तीस-चाळीस मायक्रॉन सरकला तर क्लॅम्पने जॉब वाकवून धरला होता, आणि त्या अवस्थेत कितीही सपाट तोंड काढलंत तरी सुटल्यावर ते तेवढंच वाकडं होणार. पातळ, जाळीदार जॉबला हे प्रत्येक सेटिंगमध्ये करायलाच हवं. यात तडजोड नको.

ड्रॉइंगबद्दलही एक विनंती डिझाइनवाल्यांना. कुठली तोंडं छापलेली राहणार आणि कुठली मशीन होणार हे ड्रॉइंगवर स्पष्ट लिहा, आणि दोन्ही गटांना एकच सर्वसाधारण टॉलरन्स लावू नका. छपाईच्या भागांसाठी एएसएमई वाय१४.४६ हे वेगळं मानक आहे, ते एकदा जरूर चाळा.

पाचअक्ष

@गेजरूम, डायलचा मुद्दा शंभर टक्के. आता पातळ भिंतींवर येऊ.

टायटॅनियमचा ताठपणा स्टीलच्या जवळपास निम्मा. तेवढ्याच जोराला भिंत दुप्पट मागे सरते आणि कटर गेला की परत येते. उष्णताही त्याच्यातून लवकर वाहून जात नाही, सगळी धारेपाशी साचते. त्यामुळे टायटॅनियममध्ये कार्बाइड एंडमिलला ४० ते ८० मीटर प्रति मिनिट आणि इनकोनेलमध्ये २५ ते ५० च्या आत राहणं शहाणपणाचं. धार तीक्ष्ण हवी आणि फीड इतका हवा की धार मालात शिरेल, घासणार नाही. घासली की इनकोनेलचा वरचा थर आणखी कडक होतो आणि पुढचा दात त्याच्यावर आपटतो. पहिला कट तर अजिबात हलका घेऊ नये. छापलेल्या सालीत अर्धवट वितळलेले कण असतात, त्या सालीच्या खाली धार एकदम उतरली पाहिजे.

भिंतीला थरथर येऊ नये म्हणून दोन्ही बाजूंचा माल आळीपाळीने, वरून खाली टप्प्याटप्प्याने काढायचा. खालचा न कापलेला माल भिंतीला आधार देत राहतो. एक बाजू पूर्ण फिनिश करून मग दुसरीकडे वळलं तर दुसऱ्या बाजूला भिंत नाचणारच. चॅटर सुरू झाला की आवाजाची पट्टी बदलते, तोंडावर तिरप्या बारीक लाटा दिसतात. अशा वेळी नुसता फीड कमी करून भागत नाही. स्पिंडलचा वेग बदलून बघा, टूलची बाहेर आलेली लांबी कमी करा.

धरायला जागाच नसेल तर कमी तापमानाला वितळणारा बिस्मथचा मिश्रधातू जॉबभोवती ओततात. ४७ अंशांपासून ७० अंशांपर्यंत वितळणारे प्रकार मिळतात. जाळीदार जॉबला चारही बाजूंनी आधार मिळतो आणि काम झाल्यावर गरम पाण्यात तो निघून येतो. मला हा उपाय सगळ्यात भरवशाचा वाटतो.

भट्टीवाला

@पाचअक्ष, बाकी सगळं मान्य, शेवटच्या परिच्छेदाला माझा ठाम विरोध. त्या मिश्रधातूंमध्ये बिस्मथ, शिसं, कथील आणि काही प्रकारांत कॅडमियम असतं. जाळीच्या कोपऱ्यात त्याचा कण राहिला आणि निकेलचा जॉब नंतर भट्टीत गेला किंवा गरम जागी कामाला लागला, तर तो कण वितळून कणसीमांमध्ये शिरतो आणि धातू ठिसूळ करतो. छापलेल्या खडबडीत पृष्ठभागावरून तो पूर्ण निघाला याची खात्री कशी देणार? गुळगुळीत तोंडावरून निघतो, जाळीतून नाही. कॅडमियम आणि शिशाचा माणसाच्या आरोग्याला असलेला धोका वेगळाच.

पाचअक्ष

निकेलबाबत मुद्दा मान्य, तिथे मीही तो वापरू नका असंच म्हणेन. पुढे भट्टी नसलेल्या ॲल्युमिनियमच्या जॉबला, शिसं-कॅडमियम नसलेला प्रकार घेऊन, मी अजूनही वापरेन.

कातारी

इथेच माझा मूळ मुद्दा पुन्हा येतो. छपाई हातात असताना बाहेरून आधार ओतायची वेळ यावीच का? जॉबबरोबरच त्याच धातूत धरायचे कान छापून घ्या. दोन-तीन कान, प्रत्येकात बोल्टचं भोक. किंवा काही कामांत जॉब प्लेटवरून सोडवूच नका. स्ट्रेस रिलीव्हनंतर बिल्ड प्लेटच झीरो-पॉइंट क्लॅम्पवर (दर वेळी नेमक्या त्याच जागी धरणारी पकड) बसवा, पोहोचतील तेवढी तोंडं तिथेच उरका आणि मग वायरकट. प्लेट जाड, सपाट आणि ताठ असते. तिच्याहून चांगलं फिक्स्चर कुठलं? सपोर्टही थोडे जाड ठेवून मशीनिंगपर्यंत राखता येतात. मात्र छपाईचे नेहमीचे जाळीदार सपोर्ट कटरखाली आले तर कट तुटक होतो आणि धारेचे तुकडे उडतात. मशीनिंगचा आधार म्हणून ठेवायचे सपोर्ट भरीव हवेत.

टॅपडाय

भोकं आणि आट्यांवर कुणी लिहिलं नाही म्हणून हा प्रतिसाद.

आडवं भोक छापलं की त्याचं छत लोंबतं. वर धातूचे गोळे लटकतात आणि वर्तुळ वरून चपटं होतं. म्हणून डिझाइनवाले ते थेंबाच्या आकाराचं करतात, टोक वर. साधारण ८ मिमीच्या पुढे गेलं की आत सपोर्टही लागतात. कूलंट किंवा तेल जाण्यापुरतं भोक असेल तर तसंच राहू द्या. पण डॉवेलचं किंवा रीमरचं भोक असेल तर ते छापूच नका. भरीव ठेवा आणि पूर्ण मशीनवर काढा.

कारण असं: छापलेल्या वाकड्या भोकात ड्रिल घातला तर तो भोकाच्याच वाटेने जातो. एका बाजूला माल जास्त, दुसऱ्या बाजूला कमी, ड्रिल कमी मालाकडे ढकलला जातो. नंतर रीमर फिरवलात तर व्यास बरोबर येईल, जागा चुकीचीच राहील, कारण रीमर भोकाची जागा सुधारत नाही. छापलेलं मोठं भोक सुधारायचंच असेल तर एंडमिल गोलाकार फिरवून आधी केंद्र जागेवर आणा आणि मग बोअरिंग करा. बोअरिंग बारला भोकाशी देणंघेणं नसतं, तो स्पिंडलच्या केंद्रावर फिरतो.

आट्यांचं: टायटॅनियम आणि इनकोनेलमध्ये मी टॅपपेक्षा थ्रेड मिल (भोकात गोल फिरत आटे कापणारा बारीक कटर) निवडेन. टॅप भोकात तुटला की तो भोकातच घट्ट बसतो, आणि जॉब कित्येक तास छापलेला, भट्टीतून आलेला, जवळजवळ पूर्ण झालेला असतो. थ्रेड मिल भोकापेक्षा बारीक असते, तुटली तरी तुकडा मोकळा पडतो. चिपही बारीक येते, आणि आट्याचं माप ऑफसेटने हळूहळू गाठता येतं. वेळ जास्त लागतो, लागू द्या. ॲल्युमिनियम-सिलिकॉनमध्ये मात्र टॅप चालतो. तिथे सिलिकॉनमुळे टूलची झीज असते, मोठ्या संख्येच्या कामाला हिऱ्याच्या धारेचे टूल परवडतात.

नवा_डिझायनर

@टॅपडाय, आतले वळणदार मार्ग असतात तिथे कटर पोहोचतच नाही. मग?

टॅपडाय

तिथे कापण्याचा नादच सोडायचा. अपघर्षक कण मिसळलेला पिठूळ माल दाबाने आरपार ढकलतात, त्याने मार्ग घासला जातो. रासायनिक आणि इलेक्ट्रोकेमिकल पद्धतीही आहेत. मात्र यांपैकी कशानेही नेमकं माप मिळत नाही, गुळगुळीतपणा मिळतो. वळणाच्या आतल्या बाजूला आणि बाहेरच्या बाजूला माल सारखा निघत नाही. त्यामुळे माप महत्त्वाचं असेल तर तो भाग बाहेरून दिसेल, कटर पोहोचेल, असाच डिझाइन करावा.

हा प्रश्न भाग एकत्र करण्याच्या कल्पनेतूनच येतो. लीप विमान इंजिनाच्या इंधन नोझलच्या टोकात पूर्वीचे साधारण २० सुटे भाग एकत्र येऊन एकच छापील भाग झाला, हे उदाहरण सगळीकडे सांगितलं जातं आणि ते खरंच मोठं काम आहे. पण वीस भाग सुटे असताना ज्या तोंडांपर्यंत कटर सहज जात होता त्यातली काही आता आत बंद झाली, हा त्याचा दुसरा भाग. भाग एकत्र करण्याआधी प्रत्येक नेमक्या तोंडासाठी विचारा: इथे टूल कुठून येणार, चिप कुठून बाहेर जाणार आणि मोजायचं कसं?

पावडरमास्तर

सुरक्षिततेचं लिहितो. थोडकंच, पण दुर्लक्ष करू नये असं.

जॉब कितीही झटकला तरी एखाद्या बंद पोकळीत पावडर उरलेली असू शकते. कटरने ती पोकळी फोडली की पावडर मशीनमध्ये सांडते. कूलंटमध्ये गेली तर फिल्टर आणि पंप खाते, स्लाइडच्या वायपरखाली गेली तर घासते. टायटॅनियम आणि ॲल्युमिनियमची बारीक पावडर कोरडी असेल तर पेटते. पेटलेल्या धातूवर पाणी मारायचं नसतं, त्यासाठी ड वर्गाचं अग्निशामक किंवा कोरडी वाळू मशीनजवळ हवी. साध्या व्हॅक्यूम क्लीनरने ती ओढू नका. ओल्या ॲल्युमिनियम पावडरीचा डबा घट्ट बंद करू नका, आत हायड्रोजन साचतो. छपाईवाल्याकडून बंद पोकळ्यांची यादी मागून घ्या आणि शक्य असेल तिथे जॉबचं वजन मॉडेलच्या वजनाशी ताडून पहा. जास्त भरलं तर आत काहीतरी आहे.

नवा_डिझायनर

छपाई आणि मिलिंग एकाच मशीनमध्ये करणारी हायब्रिड मशीन आली आहेत ना? मग ही सगळी सेटिंगची कटकट संपणार नाही का?

पाचअक्ष

काही कामांत संपते. मात्सुउराच्या लुमेक्स मशीनमध्ये काही थर छापून झाले की कड मिल होते आणि पुन्हा छपाई सुरू होते. साच्यातल्या खोल, अरुंद फटी अशा कामाला ते सुरेख आहे, कारण टूल लहान राहतो. डीएमजी मोरीच्या लेझरटेकमध्ये नोझलने माल चढवून पाच अक्षांवर कापतात. दुरुस्तीला, घासलेली कड पुन्हा भरायला, फार उपयोगी.

पण पावडर बेडमध्ये कूलंट वापरता येत नाही, कोरडंच कापावं लागतं. आणि भट्टीवाल्यांचा मुद्दा सुटत नाही. आत ताण आहेच, जॉब प्लेटला जखडलेला आहे. तिथे काढलेलं नेमकं माप स्ट्रेस रिलीव्हनंतर तसंच राहील याची हमी नाही. एच७ ची बैठक तिथे पूर्ण करून मोकळं होता येत नाही, ती शेवटी वेगळ्या सेटिंगमध्येच येते.

नवा_डिझायनर

समजलं. सध्या हातात इनकोनेल ७१८ चा एक मॅनिफोल्ड आहे. दोन सीलची तोंडं, एक बेअरिंगची बैठक, सहा आटे, आत वळणदार मार्ग. मी धरायचे तीन कान टाकलेत, भोकं भरीव केलीत, तोंडांवर ०.८ मिमी माल सोडलाय. क्रम कसा ठेवू? आणि कान नक्की कधी कापायचे?

कातारी

पावडर झटकणं, प्लेटसकट स्ट्रेस रिलीव्ह, वायरकट, गरज असेल तर हिप. मग स्कॅन करून सगळीकडे माल पुरतो का ते बघा. त्यानंतर पॅड सपाट करणं, रफिंग, सगळीकडे तीन-चार दशांश ठेवून. आटे आत्ता नकोत, फक्त त्यांची भोकं थोडी लहान ठेवून पाडा. आतले मार्गही याच टप्प्यात घासून घ्या, म्हणजे अपघर्षकाचा कण फिनिश झालेल्या बैठकीला लागणार नाही, आणि भट्टीआधी मार्ग पूर्ण धुवा. मग एजिंग. एजिंगनंतर पॅड पुन्हा हलके सपाट करा, कारण भट्टीत ते हलले असणार आणि त्यांच्यावरच पुढचं सगळं बसणार. जॉब मोकळा बसलाय का ते गेजरूमच्या डायलने बघा. सीलची तोंडं आणि बैठक एकाच सेटिंगमध्ये फिनिश करा, एकमेकांशी काटकोनात असायला हवीत म्हणून. शेवटी थ्रेड मिलिंग.

कान सगळ्यात शेवटी. पण आधी एक बघा, तीनपैकी एखादा कान बैठकीच्या अगदी जवळ तर नाही ना? तसा असेल तर तो कापल्यावर बैठकीचा गोलाकार किंचित बिघडू शकतो. तो कान आत्ताच मॉडेलमध्ये लांब सरकवा. जागाच नसेल तर एजिंगच्या आधी त्याची मान अर्धी कापून ठेवा, म्हणजे शेवटी सुटताना थोडाच धातू तुटेल. आणि कान कापल्यावर उरणाऱ्या खुणेची उंची किती चालेल ते ड्रॉइंगवर लिहून टाका, नाहीतर तपासणीत जॉब त्यावरूनच अडेल.